जास्वंदीचा पासपोर्ट फोटो

मी खाली सही करणारा, वय चौऱ्याहत्तर, धंदा फोटो स्टुडिओ (आता बंद), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळे तितके नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. मजकूर मी सांगितला, समोरच्या शिंप्याने लिहिला. कोणाची बळजबरी नाही.

१. बँकेतली ठेव आणि स्टुडिओचे दिवे-पडदे मुलाला. खुशाल विकावेत.

२. फोटो क्लबच्या अध्यक्षांना माझे फुलांचे पहिले दहा फोटो. चाळीस वर्षे मी पासपोर्टचे फोटो काढले. चेहरा मधोमध, दोन्ही कान दिसले पाहिजेत. फुलेही तशीच काढली. अध्यक्षांनी ती, यांत जीव नाही म्हणत, भर सभेत हसत परत केली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचे म्हणणे खरे होते, पण हसायला नको होते. हे फोटो त्यांनी स्वतःच्या दिवाणखान्यात लावावेत.

३. कॅमेरा, जवळून टिपायची लेन्स आणि हे राहते घर, कुंड्यांसकट, माझ्या सुनेला.

कारण सांगतो. मुलगा घटस्फोट घेऊन दुसरीकडे राहायला गेला. सून राहिली, कारण माझ्या डोळ्यांत थेंब घालायला दुसरे कोणी नव्हते. ते दहा फोटो बघून ती म्हणाली, "बाबा, या जास्वंदीला परदेशी जायचंय का? जरा बाजूला घ्या तिला. ती बघतेय तिकडे मोकळी जागा सोडा." मग मला फुलाच्या उंचीला, गुडघ्यांवर बसवले. मागची लाल बादली उचलून नेली. फोटोत ती बादली येते हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

फोकस मात्र जमेना. इतक्या जवळून पाकळी धरली की केसर पुसट होतो, आणि मला तर दोन्ही पुसटच. ती एका हाताने पुठ्ठा धरून वारा अडवायची आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर ठेवायची. "लेन्सच्या रिंगला हात लावू नका. नुसतं अंग पुढे घ्या. अजून. थोडं मागे. श्वास धरा. आता." मी बटण दाबायचो. माझे काम एवढेच.

त्या जास्वंदीला क्लबचे पहिले बक्षीस मिळाले. टाळ्या मी घेतल्या, तिचे नाव घेतले नाही. याची मला लाज वाटते. क्लबने आपल्या वहीत तिचे नाव घालून घ्यावे.

४. नजर जाता जाता गेल्या पाच वर्षांत मी जेवढे पाहिले, तेवढे आधी कधी पाहिले नव्हते. तिचे उपकार फिटायचे नाहीत, आणि घर देऊन ते फेडल्याचा आव मी आणत नाही.

५. मुलास : तू माझा लाडका आहेस, म्हणून स्पष्ट सांगतो. हा कागद नसता तर तू तिला माझ्या तेराव्याच्या आत बाहेर काढले असतेस. भांडू नकोस.

६. घर नावावर करताना अर्जात मयताशी नाते विचारतात. तिथे सून लिहू नये. ते नाते कोर्टात संपले. मुलगी लिहावे. कारकुनाने हरकत घेतली तर त्याला माझी ही सही दाखवावी.

सही : (शिंप्याने बोट ठेवले त्या जागी)
साक्षीदार : १. समोरचा शिंपी २. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई
स्थळ : शिंप्याचे दुकान, घरी सुनेने 'मला घर नको' म्हणत फाडून टाकले असते
दिनांक : ३ मार्च २०२३