राडोचा गुडघा

२८ मार्च १९९९, रास अल खैमा

राडो खोटारडा आहे! सुरुवातीला दुखावला होता, कबूल. पण आता सूज उतरली, गुडघा पूर्ण वाकतो — आणि हा बाबा नुसता हात लावला की किंचाळतो. "पेन, माय फ्रेंड, पेन!" नोवी सादला सात सीझन, मग ग्रीस, मग आमचा फुटबॉल क्लब. एवढा दांडगा सर्बियन डिफेंडर, आणि नाटकं शाळकरी पोराची! मॅनेजर वलीच्या शिव्या मात्र मला. "डॉक्टर, तुमको किसलिए रखा है?" मी फिजिओथेरपिस्ट. डॉक्टर म्हणतो तेही शिवी दिल्यासारखं.

३१ मार्च

आईचं पुण्यात ऑपरेशन, १५ एप्रिलला. सुट्टी मागितली. वली म्हणे, "सीझन के बाद, इन्शाल्ला." ऑपरेशन काय सीझन बघून करतात?

४ एप्रिल

आज पकडला! ऑफिसातून हाक आली, घरचा फोन आहे — आणि राडो अख्खं मैदान पळत गेला. पळत! परत आल्यावर मी मराठीतच दोन शिव्या हासडल्या. तो बाकावर बसला. मग तुटक इंग्रजीत सांगायला लागला. नोवी सादवर नाटोचे बाँब पडताहेत. पूल पडला. आईला दमा, तिला तळघराचा जिना उतरवत नाही. घरी जाऊ द्या म्हणून वलीला दोनदा विनवलं. उत्तर एकच — "काँट्रॅक्ट!" पासपोर्ट वलीच्या तिजोरीत. "बॅड नी, दे थ्रो मी होम," म्हणाला. गुडघा गेला की क्लबच घरी हाकलेल, हा त्याचा हिशेब.

आणि मी मूर्ख त्याचाच गुडघा दाबत बसलो होतो! घरी येऊनही डोकं तापलेलंच. लतिका म्हणाली, "अहो, मग गेला म्हणा ना गुडघा!" इरा लगेच, "बट बाबा, दॅट्स लाइंग." असू दे लाइंग.

६ एप्रिल

सांगितलं. गुडघा कामातून गेला, आता पुन्हा खेळणं नाही. वलीने टेबल बडवलं. राडोला शिव्या, मला शिव्या. मग "खलास!" म्हणून तिजोरी उघडली, राडोचा पासपोर्ट काढला.

त्याच्याखाली माझा होता.

७ एप्रिल

राडो गेला. बुडापेस्टपर्यंत विमान, पुढे बस. ड्रायव्हर हमदुल्ला सांगत होता, एअरपोर्टवर दोन्ही बॅगा उचलून धावतच आत शिरला.

९ एप्रिल

लतिकाने बॅगा खाली काढल्यात. सकाळी वलीसमोर औषधांची पेटी उचलली — आणि कंबर धरून मटकन खाली बसलो. राडोपेक्षा मोठ्याने किंचाळलो.