आक्कासाठी तीनचाकी

१ फेब्रुवारी, रविवार

गाडी आली. अण्णांनी सांगलीहून छोट्या टेम्पोत घालून आणवली. विजेवर चालणारी, तीन चाकांची, फिकट निळी. मागे जाळीची मोठी टोपली, पुढे सायकलसारखी घंटा. दुकानदार अण्णांच्या ओळखीतला. आठवडाभर वापरून पाहा, पसंत पडली तर ठेवा, नाहीतर पाठवून द्या, असे त्याचे म्हणणे. नव्या दुचाकीपेक्षा बरीच स्वस्त आहे आणि माझा संशय नेमका तेवढ्यावरच आहे. यापुढे येथे नुसते ती.चा. लिहीन.

पारखण्याचे काम माझ्याकडे. अण्णा म्हणाले, "तू शिकलेली हायस. तू पास म्हण, मी घेतो." आजवर परीक्षा दिल्या, घेण्याची ही पहिलीच वेळ.

हेतू स्पष्ट असावा म्हणून लिहून ठेवते. साताऱ्याच्या ग्रंथालयात हस्तलिखितांचे काम मिळाले आहे. मार्चपासून रुजू व्हायचे. मी गेल्यावर आक्काला रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, एकटीने जाऊन येता आले पाहिजे. आक्का माझी आत्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला आक्का म्हणतात म्हणून मीही म्हणते. आई गेल्यापासून हे घर तिचेच. भगवंताचे दर्शन झाल्याशिवाय ती पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. खुबा मोडल्यापासून डावा पाय ओढत चालते, त्यामुळे दुचाकीवर मागे बसवून मीच तिला नेते. अण्णा हळदीच्या सौद्यांसाठी लवकर सांगलीला जातात. गेल्या महिन्यात मला ताप होता, तेव्हा दुपारपर्यंत आक्का तशीच, कोरड्या घशाने बसून राहिली. तक्रार नाही. उलट माझ्या कपाळावर घड्या ठेवत होती.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज मी स्वतः चालवली. बेत असा की आधी गुणदोष टिपावेत, मग आक्काला बसवावे.

गुण: पाय उचलून टाकावा लागत नाही, मधून सरळ आत पाऊल ठेवता येते. थांबली की उभी राहते, तोल सांभाळावा लागत नाही. मागे घेता येते. बॅटरी काढून घरात चार्जिंगला लावता येते.

दोष: रस्ता ज्या बाजूला उतरता, त्या बाजूला ओढते. पुढचे चाक खड्डा चुकवते, मागचे एखादे हमखास त्यात पडते. आणि वळणावर मी

येथे अर्धवट राहिले, कारण लिहिण्याची लाज वाटली. आता लिहिते. वळणावर मी शेजारच्या कमलकाकूंच्या कुंपणात गेले. सायकलची सवय अशी की वळायचे म्हटले की अंग आपोआप कलते. ती.चा. कलत नाही. मी पूर्ण कलले, हँडल मात्र सरळच धरलेले. ओढणी काट्यात अडकली. घरी येईपर्यंत आक्का पुढच्या सोप्यात बसून हसत होती.

"आगं, गाडी वळवायची हुती. तू सोताच वळालीस."

३ फेब्रुवारी, मंगळवार

आक्काने आयुष्यात सायकल चालवलेली नाही, त्यामुळे तिला विसरण्यासारखे काही नव्हते. बसली, मूठ हळूच पिळली, अंगणातल्या आंब्याला वेढा घालून जागेवर आली. एकदा, मग पुन्हा. पदर खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. मी गाडीच्या बाजूने चालत होते. तिसऱ्या वेढ्याला तिने हातानेच मला बाजूला व्हायला सांगितले.

कमलकाकू कुंपण नीट करत होत्या. (काल मी त्यांना चुकवले होते.) त्या म्हणाल्या, "आक्का, या वयात पांगुळगाडा आणला व्हय गं?"

"व्हय की. पयला लाकडाचा हुता, आता इजेचा आणलाय. तुला बी लागंल, बसून बघ."

मला वाटले, झाले, पास. पण उतरल्यावर ती अंगणातल्या मातीकडे बघत राहिली. सकाळी मी नुकतेच झाडले होते. चाकांच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या.

"पद्मा, हिच्या तीन रेघा उठत्यात."

मला आधी समजले नाही. मग समजले. चालताना ती चार हात पुढची जमीन बघून पाऊल ठेवते. मुंगी असेल, गोगलगाय असेल. दोन पाय जपता येतात. तीन रेघांत कोण कोण सापडेल, ते कोणी बघायचे?

मी म्हटले, दुचाकीवर मी तुला रोज नेते, तेव्हा तू काही बोलली नाहीस.

"तवा गाडी तू चालवत हुतीस. पाप तुझ्या नावावर."

मी म्हटले, मग आतापर्यंत माझ्या नावावर पुष्कळ साठले असेल.

"साठू देतो व्हय? रोज संध्याकाळी तुझ्या वाटची क्षमा बी मीच मागतो की."

हे ती इतक्या सहजपणे म्हणाली, जणू माझे कपडे वाळत घातले असे सांगत होती. मी पुस्तक घेऊन आत गेले. वाचले काहीच नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल आक्का स्वतःच म्हणाली, हळू चालवली तर मला दिसतंय, उद्या जाऊ या. एवढ्यावरच मी हुरळले. म्हणून आज बस्तीपर्यंत, पहिल्यांदाच रस्त्यावर. ती गाडीवर, मी मागून चालत.

ती.चा. उत्तम चालली. पण आक्का गाडीही चालते तशीच चालवते. नजर खाली, चार हात पुढे. समोर कोण येते आहे याचा तिला पत्ता नाही. मी दोनदा म्हटले, आक्का, वर बघ. तिने वर बघितले, गाडी थांबली; खाली बघितले, चालू लागली.

कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती मधोमध थांबली. मला वाटले बॅटरी गेली. पुढे येऊन बघते तर मुंग्यांची रांग, या कडेपासून त्या कडेपर्यंत. मागून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला. त्याच्यामागे दुसरा. हॉर्न सुरू झाले.

अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळ्याला चिकटते. एसटीत सुटे पैसे मागायचे तरी मनात वाक्य जुळवते. आज मी रस्त्याच्या मध्यावर जाऊन हात आडवा धरला. हॉर्न वाढले तरी तो खाली घेतला नाही.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. "आवं आज्जी, काय हरवलंय का?"

"हरवलं न्हाई बाबा. मुंग्या चालल्यात. जाऊ देत त्यास्नी."

त्याने वाकून बघितले. मग माझ्याकडे वळला. "ताई, किती राहिल्यात अजून?"

"थोड्याच आहेत," असे मी म्हणाले. खरोखर म्हणाले. त्याने इंजिन बंद केले, तंबाखू मळत उभा राहिला आणि मागच्यांना ओरडून सांगितले की फाटक पडलंय.

दर्शन झाले. आक्का आनंदात. मी मात्र घरी येऊन बसले ती उठलेच नाही. आज ट्रॅक्टर हळू येत होता. उद्या डंपर असेल. आणि मी नसेन.

संध्याकाळी अण्णांना सांगितले: गाडीत दोष नाही, पण आक्काला एकटीला द्यायला माझे मन घेत नाही. ते म्हणाले, मग परत करू, रिक्षावाला लावू कुणीतरी. आक्का दिवस मावळायच्या आत जेवून घेत होती. जेवण झाल्यावर गाडीची सीट पदराने पुसून आली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. सातारा

कराडमार्गे आले. काम आणि खोली पाहून घ्यायची म्हणून एक मुक्काम.

ग्रंथपाल वयस्कर आणि मितभाषी. मला हायसे वाटले. पोथ्यांची कपाटे उघडून दाखवली. जुन्या कागदाचा वास. एका पोथीत कसरीने इतकी नक्षी केली होती की अक्षरे खिडकीतून डोकावल्यासारखी दिसत होती. खालच्या खणात कसर मारण्याचे औषध. हे आक्काला सांगणार नाही.

बोलताना 'येते', 'जाते' म्हणण्याची दक्षता घेतली. घरी सगळ्या बायकांच्या तोंडी 'येतो', 'जातो'. निघताना नेमके "येतो मी" निघून गेले. ग्रंथपाल म्हणाले, "सांगलीकडच्या का?" आणि पहिल्यांदाच हसले.

खोली किल्ल्याच्या बाजूला, चढावर. येताना प्रत्येक रस्ता पाहून मनात येत होते, येथे ती.चा. चढेल का, येथे वळेल का. मी काय पारखते आहे?

रिक्षावाला कधी येईल, कधी येणार नाही. आमच्याकडच्या रिक्षा मला ठाऊक आहेत. अण्णांनाही ठाऊक आहेत. मग गाडी परत करायची ठरल्यावर मला हलके का वाटले? कारण मग मला साताऱ्याला न येण्याचे कारण मिळते. चांगले, कोणालाही सांगता येईल असे कारण. आक्का.

७ फेब्रुवारी, शनिवार. सातारा

सकाळी नऊच्या सुमारास घरी फोन केला. अण्णा सांगलीला गेले असणार हे माहीत होते. मी नाही, म्हणजे ती दुपारपर्यंत तशीच.

"आक्का, पाणी प्यालीस?"

"प्यालो की. चहा बी झाला."

बस्तीत कोणी नेले, असे विचारले.

"कोण न्हेणार? मीच गेलो."

आधी राग आला. इतका की फोन ठेवून दिला. पुन्हा लावला. तिने उचलला आणि काही झालेच नाही अशा सुरात विचारले, तिथं पाणी कसं हाय, गाळून पितीयास ना.

८ फेब्रुवारी, रविवार

काल संध्याकाळी घरी. आज तिच्याशी भांडायचे ठरवले होते. मला भांडता येत नाही, प्रयत्न केला.

ती कशी गेली ते तिने सांगितले. उजाडल्याबरोबर, मागच्या पाणंदीने. मोठा रस्ता फक्त एकदा ओलांडायचा. तेथे उतरून उभी राहिली, दोन्हीकडे बघितले, मग गाडीवर बसली. मी म्हणाले, बसेपर्यंत ट्रॅक्टर आला तर? ती म्हणाली, आला तर थांबतो. वाटेत मुंग्या दिसल्या तर? थांबतो. कोणी मागून ओरडले तर?

"वरडू दे की. मी काय बहिरी हाय? ऐकत थांबतो."

मग मी बॅटरीचे काढले. पावसाळ्याचे काढले. पाणंदीतल्या चिखलाचे काढले. ती शेंगा फोडत होती. सगळे ऐकून घेतल्यावर सूप बाजूला ठेवले.

"पद्मा, गाडीत खोट गावंना, म्हणून माझ्यात काढायलीस. माझ्यात हाय, मला ठावं हाय. पर तुला जायाचं भ्या वाटतंय, त्येचं काय करायचं ते सांग."

माझे डोळे भरून आले, म्हणून टरफले गोळा करू लागले.

दुपारी दुकानदाराचा फोन आला. आठवडा झाला, काय ठरलं ताई? मी उद्या कळवते म्हणाले. आक्का ऐकत होती.

"तू जाणार असलीस तर ठेवून घे. ऱ्हाणार असलीस तर दिऊन टाक. तू बी आन गाडी बी, दोनी कशाला घरात?"

अण्णा हसले. मीही हसले. नंतर लक्षात आले की ती हसली नव्हती.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आंघोळ करून, नेहमीप्रमाणे तिला न्यायला दुचाकीची किल्ली घेऊन बाहेर आले. सोप्यात आक्का नाही. अंगणात ती.चा. नाही. जाताना तिने मला हाक मारली नव्हती, आणि या गाडीला आवाज तर मुळीच नाही.

पाणंदीने धावत निघाले. दुचाकी काढण्याचे सुचलेच नाही. वळण घेतल्यावर ती दिसली. लांब, मोठ्या रस्त्याच्या काठाशी, गाडीवरून उतरून उभी. नऊवारीचा काठ धुळीपासून वर धरलेला. मान खाली. मग मान वर, उजवीकडे, डावीकडे. एक ट्रक गेला. पुन्हा मान खाली, आणि कितीतरी वेळ खालीच. कोणाला तरी जाऊ देत असावी.

मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

तिने सीटवर बसून मूठ धरली, आणि ती ओलांडायच्या आत मी मागे वळले. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. पुढचे बघितले असते तर मी पुन्हा काहीतरी टिपून ठेवले असते.

घरी आले. अजून ती आलेली नाही. अभिषेक बघून येते, इतक्यात यायची नाहीच. दुकानदाराला काही कळवलेले नाही, साताऱ्यालाही नाही. फाटक उघडेच ठेवले आहे, आणि त्याच्याकडे पाठ करून हे लिहीत बसले आहे.