आक्कासाठी समुद्राची वेळ

घाटकोपर, शुक्रवार

आदरणीय दाजी,

सविनय जय भीम. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, माझी डावी चप्पल सोडून. (तिच्याकडे येतोच.) तुमचा खोकला, आक्काचे डोळे आणि शेळ्या, सगळ्यांची तब्येत कळवा. फोनच केला असता, पण फोन आक्का उचलते आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा स्पीकर लावते. बाब नाजूक आहे. या पत्राला कारण समुद्र.

मोतीबिंदू काढल्यावर आक्का काय म्हणाली ते तुम्हाला ठाऊकच आहे. नव्या डोळ्यांनी आता शिवदासचा समुद्र बघायचा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आक्कानेच मला कडेवर घेऊन वाढवलं. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलंय, ते धड दाखवता आलं नाही तर मला जन्मभर रुखरुख लागून राहील. पण गुडघ्यांमुळे तिला वाळूत चालवत नाही आणि गर्दीत तिचा जीव घाबरतो. म्हणून आमच्या चेतनाने मोबाइलवर शोधून काढलं, बोरिवलीच्या पुढे खाडीकाठी कांदळवनाचं उद्यान आहे, आत लाकडी पूल आहे आणि पुलाच्या टोकाला समुद्र. "बाबा, एकदम सोपा ट्रेक आहे, झकास," असं म्हणून पोरगी ऑफिसला निघून गेली. (हल्ली चालण्याला ट्रेक म्हणतात. तसं बघितलं तर आक्का डोक्यावर दोन हंडे घेऊन रोज ट्रेकच करायची.)

आता मी साकीनाक्याला तीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, मोजल्याशिवाय कशाला हात लावत नाही. म्हणून या मंगळवारी, पौर्णिमेला, रंगीत तालमीसाठी एकटाच गेलो. आठला फाटक उघडलं. पावलं मोजली (सहाशे बारा), बाकं मोजली (पाच, त्यातलं एक डुगडुगतं), टोकाला पोचलो आणि बघतो तर समुद्रच नाही. नुसता चिखल, नजर जाईल तिथवर, आणि त्यातून बोटाबोटाएवढी मुळं वर आलेली. माझी तर वाटच लागली. आक्काला मेहकरहून आणून हे दाखवू? जरा पुढे असेल म्हणून कठड्याखालून एक पाय खाली सोडला, तो गुडघ्यापर्यंत आत. फाटकावरचे कोळीबाबा धावत आले, त्यांनी ओढलं, पाय आला, चप्पल आली नाही. मी चिडून विचारलं, समुद्र कुठाय? तर म्हणाले, "गेलाय. साडेबाराला येईल." शेजारचा माणूस बाजाराला गेल्यासारखं सांगितलं हो.

आपण कोरड्या मुलखातली माणसं, दाजी. आपलं पाणी विहिरीत बसलं की बसलं. (आटतं, पण फिरायला जात नाही.) मला काही पटलं नाही, तरी एका चपलेत जाणार कुठे, म्हणून पाचव्या बाकावर बसून राहिलो.

आणि दाजी, तो आला. आवाज नाही, लाट नाही. आधी खेकडे बिळांत शिरले. मग चिखल चमकायला लागला, मग दोन मुळांच्या मधून बोटभर पाणी पुढे सरकलं, आणि मी डबा उघडून पोळीभाजी संपवेपर्यंत झाडं कमरेएवढ्या पाण्यात उभी. निवटी नावाचा मासा आहे, तो पाणी चुकवत चक्क झाडावर चढत होता. (मासा, दाजी. झाडावर.) फळ्यांच्या फटींतून खाली बघितलं तर तिथेही पाणीच. कोळीबाबा म्हणाले, दिवसातून दोनदा येतो, रोज पन्नासेक मिनिटं उशिरा. मी तीस वर्षं दोन पाळ्यांत काम केलं, कार्ड पंच करूनसुद्धा इतका नेम आमच्यात कुणाला जमला नाही. आणि याला बोलवायला कुणी जात नाही. माझे हात आपोआप जोडले गेले आणि डोळे भरून आले, हेही लिहून टाकतो. घरी आल्यावर चेतना माझे पाय बघून हसत सुटली. मी मोरीत जाऊन पाय घासत बसलो.

असो. आक्काला नमस्कार, शेळ्यांना माया.

तुमचा मेहुणा,
शिवदास

ता. क. १ : तुमचं तिकीट पुढच्या शुद्ध अष्टमीचं आहे. अष्टमीच्या सुमाराला भरती अगदी लहान असते, पुलापर्यंत पोचतच नाही. तुम्ही नेहमीसारखे तिसऱ्या दिवशी शेळ्यांच्या काळजीने पळालात तर आक्काला चिखल बघून परतावं लागेल. पौर्णिमेपर्यंत राहा. शेळ्या शेजारच्या राजेशकडे सोपवा. खरी विनंती एवढीच, वरची सगळी प्रस्तावना समजा.

ता. क. २ : हे पत्र आक्काला वाचून दाखवू नका. मी रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला जातो असं तिला तीस वर्षं सांगत आलोय. (जुहूला दोनदा गेलो, दोन्ही वेळा माणसंच बघितली. एरवी कामावरून सुटलो की घरी येऊन झोपायचो. पण ती दर वेळी विचारायची, तिकडे तुला बरं वाटतं ना रे? मग काय सांगणार?)

ता. क. ३ : आत्ता लक्षात आलं, तुम्ही पाकीट फोडलं की पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत सुटता. म्हणजे आक्काने सगळं ऐकलंच. आक्का, ये गं. मीही तो पहिल्यांदाच बघितलाय. आता तुझ्याशेजारी बसून बघायचाय. जुनी चप्पल घालून ये.