कॉर्नेलियाबाईंना कृपेने पास करण्याबाबत

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. पाळकसाहेब म्हणाले, ईस्टरपर्यंत रोज शास्त्र वाचा आणि रोजच्या जगण्यात देवाची कृपा शोधा. कृपा म्हणजे लायकी नसताना मिळालेलं प्रेम. ईस्टरच्या उपासनेत मंडळीतला एकजण त्यावर साक्ष देईल, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगेल. हे सांगताना ते सारखे माझ्याकडे बघत होते. (माझ्या डोक्यामागे भिंतीवरचं घड्याळ आहे. पण इतक्यांदा घड्याळ कोण बघतं?)

साक्ष मीच देणार. बारा मिनिटं पुरतील.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. मत्तयाच्या शुभवर्तमानापासून सुरुवात. रागावणे बंद.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ८.१०

उठायला जरा उशीर. पण देव आपल्या लाडक्यांना झोप देतो असं स्तोत्रातच आहे. म्हणजे पहिल्याच दिवशी कृपा सापडली, तीही डोळे मिटलेले असताना.

जोहानाला सांगितलं. ती म्हणाली, देवाचे लाडके उठले असतील तर त्यांनी दारातला बर्फ काढावा. माझ्या बायकोला अध्यात्मात रस नाही. बर्फ उद्या.

शनिवार, २१ फेब्रुवारी

बर्फ जोहानाने काढला. काढताना बोलत होती. खिडकी बंद असूनही ऐकू आलं.

रागावलो नाही. बायबलच्या नीतिसूत्रांतलं एक वचन सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं: भांडखोर बायकोबरोबर राहण्यापेक्षा छताचा कोपरा पुरवला. कुणाचं नाव घातलं नाही.

संध्याकाळी बघतो तर खाली तिच्या अक्षरात: 'शिडी गॅरेजमध्ये आहे.'

गुरुवार, २६ फेब्रुवारी

येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला वाचला. सकाळपासून उन्हात राबले त्यांना जेवढी मजुरी, तेवढीच शेवटच्या तासाला उगवलेल्यांना! मालकाचं चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येणार कामाला?

मी तीस वर्षं लायसन्ससाठी लोकांच्या गाडी चालवायच्या परीक्षा घेतल्या. परीक्षेला मांडलेल्या शंकूला धक्का लागला की नापास, मग तो मेयरचा मुलगा का असेना. अर्धं गाव माझ्या हातून नापास झालंय, म्हणून तर अर्धं गाव जिवंत आहे.

पाळकसाहेबांना फोन करून विचारलं, या दाखल्याचं एखादं दुसरं भाषांतर आहे का. ते म्हणाले, 'अहो हार्लन, तोच तर मुद्दा आहे.' कुठला मुद्दा ते सांगितलं नाही. घाईत असावेत.

मंगळवार, ३ मार्च

आजाऱ्यांना भेटा, असं शास्त्रात आहे. साक्षीतही चांगलं दिसेल. वृद्धाश्रमात गेलो.

आमच्या मंडळीतल्या कॉर्नेलियाबाई हान तिथे असतात. नव्वदीला आल्यात. लहानपणी रविवारच्या शाळेत त्या माझ्या बाई होत्या. पुढे मी त्यांना तीनदा नापास केलं. तेव्हापासून त्या शेतावरून चर्चला ट्रॅक्टरवर यायच्या. भर हिवाळ्यातसुद्धा, डोक्याला स्कार्फ गुंडाळून. ट्रॅक्टर नेमका माझ्या गाडीशेजारी लावायच्या. मला त्यांच्या चिकाटीचं नेहमीच कौतुक वाटत आलंय.

मी स्तोत्र वाचायला घेतलं तर म्हणाल्या, 'ते ठेव रे बाजूला. तुला एक वचन धड पाठ यायचं नाही. तरी दर वर्षी मी तुला बक्षीस द्यायचे. आठवतंय ना?'

या वयात स्मरणशक्ती अशीच दगा देते. मी हसून सोडून दिलं.

निघताना माझा हात धरून म्हणाल्या, 'हार्लन, मरायच्या आधी एकदा मला पास कर.' हसत होत्या. पण हात लवकर सोडला नाही.

मंगळवार, १० मार्च

आज दुपारी चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, माझ्या ब्यूक गाडीत, कॉर्नेलियाबाईंची परीक्षा घेतली. जोहाना मागे बसली होती. ती कशाला आली कोण जाणे.

बाई छान चालवतात! संशय यावा इतकं छान. दोन शंकूंच्या मधल्या जागेत गाडी उलटी घेऊन एका दमात लावली. माझ्या त्या वेळच्या सूचना मनात किती खोल रुजल्या असतील!

पण शेवटच्या वळणावर सिग्नल दिला नाही. जोहाना म्हणाली, सिग्नल द्यायचा कुणाला? इथे तो एक कावळा सोडला तर आहे कोण? मी म्हटलं, प्रश्न कावळ्याचा नाही, तत्त्वाचा आहे. नापास.

बाई हसायलाच लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. निकाल खिलाडूपणे घेतला म्हणायचा.

जोहानाने घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. मग एकच काढला. तो प्राणी शास्त्रातही येतो, पण त्याच्यावर लोक बसतात.

बुधवार, ११ मार्च

सापडली! साक्ष सापडली!

कॉर्नेलियाबाईंना ईस्टरला, भर उपासनेत, सगळ्यांसमोर पास करायचं. लायकी नसताना! हीच कृपा. त्यासाठी त्यांची लायकी नसणं आवश्यक होतं, म्हणजे कालचा निकाल ही ईश्वरी योजनाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, हा माझा नम्रपणा.

प्रमाणपत्र छापायला टाकलं. लॅमिनेट करून मिळेल.

जोहाना म्हणाली, एवढं कशाला? आत्ता जा, त्यांचा हात धर, 'पास' म्हण आणि जेवायला घरी ये. मी समजावलं की मंडळीलाही लाभ व्हायला हवा. तर म्हणते, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं येशूने सांगितलंय. म्हटलं, ते दानधर्माबद्दल. हे वाहतुकीबद्दल आहे.

शनिवार, २१ मार्च

साक्षीसाठी माझी निवड झाली. दुसरं कुणीच पुढे आलं नाही, असं पाळकसाहेब म्हणाले. म्हणजे सगळ्यांनी आपणहून मला जागा करून दिली. बाराऐवजी पाच मिनिटं मिळाली. बघू.

कॉर्नेलियाबाईंची छाती भरलीय. जोहाना रोज सूप घेऊन जाते. मी जात नाही, चेहऱ्यावरून त्यांना कळायचं.

पहाटे पाचचं उठणं ईस्टरनंतर.

शुक्रवार, ३ एप्रिल. गुड फ्रायडे

जोहाना आश्रमातून आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली. म्हणाली, 'आणि रविवारपर्यंत त्या टिकल्या नाहीत तर?'

हा विचार माझ्या मनात आला नव्हता. लगेच गुडघे टेकले. प्रभू, त्यांना रविवारी अकरापर्यंत सांभाळ. पुढे तुझी इच्छा.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर

लिहिणार नव्हतो.

चर्च भरलेलं होतं. वेदीपाशी पांढरी लिली. कॉर्नेलियाबाईंना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं, टोपीत पीस खोवलेलं. मी नऊ मिनिटं बोललो. कायदा, शंकू, कावळा, कृपा. मग मी खाली उतरून प्रमाणपत्र त्यांच्या हातात दिलं आणि मोठ्याने म्हणालो, 'कॉर्नेलिया हान, तुम्ही पास!'

त्यांनी माइक मागितला. मला वाटलं, आभार मानणार.

म्हणाल्या, 'हार्लन, बाळा, माझ्याकडे लायसन्स होतं. तू तिसऱ्यांदा नापास केलंस ना, त्याच महिन्यात पलीकडच्या राज्यात जाऊन बहिणीच्या पत्त्यावर काढलं. बाजार, दवाखाना, पोरांची शाळा, सगळीकडे मी गाडीच न्यायचे. फक्त चर्चला ट्रॅक्टर. तुला लाज वाटावी म्हणून.'

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, 'सगळ्या गावाला माहीत होतं!' आणि हशा पिकला. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला होता.

हशा थांबेपर्यंत बाई थांबल्या. मग म्हणाल्या, 'तुला काही लाज वाटली नाही. मी मात्र दर रविवारी देवाच्या दारी येताना तुझ्यावरचा राग ट्रॅक्टरवर लादून आणला. घरी जाताना परत नेला. इतकी वर्षं! आता ओझं होतंय रे. इथेच ठेवते. मी तुला क्षमा केली. तूही मला कर.'

सगळी मंडळी उभी राहिली. बायका डोळे पुसत होत्या. पाळकसाहेब म्हणाले, आजची साक्ष ही.

मी क्षमा मागितलीच नव्हती!

सोमवार, ६ एप्रिल

खोटा पत्ता देणं हा गुन्हा आहे. तक्रार करावी का? जोहानाला विचारलं. ती म्हणाली, कर, आणि तुझा जबाब घ्यायला येतील त्यांना छतावर जायची शिडी मी दाखवीन.

उरलेल्या हॅमचं सँडविच. चव लागली नाही. प्रमाणपत्रावर बाईंनी कॉफीचा कप ठेवलाय म्हणे. लॅमिनेट असल्यामुळे सोयीचं पडतं.

शुक्रवार, १० एप्रिल

पाळकसाहेब घरी आले. वृद्धाश्रमातल्या बायकांना रविवारी चर्चला आणायला व्हॅन आहे, ड्रायव्हर नाही. तुम्हीच योग्य, म्हणाले. म्हणजे गेल्या रविवारचा परिणाम झाला तर! वाहतूकप्रमुख हे पद स्वीकारलं. (पदाचं नाव मी सुचवलं. ते हसले, म्हणजे मान्य.) आणि माझं नाव कुणी सुचवलं म्हणे? कॉर्नेलियाबाईंनी.

रविवार, १२ एप्रिल

पहिली फेरी. कॉर्नेलियाबाई पुढे माझ्या शेजारी, छाती आता बरी आहे. मागे चौघी. निघण्यापूर्वी मी सुरक्षेवर थोडं बोललो. पट्टे तपासले. आरसे नीट केले. मग गाडी मागे घेतली आणि आश्रमाची टपालपेटी खांबासकट आडवी केली.

आवाज मोठा झाला. मी खाली उतरलो, पेटी पाहिली, परत येऊन बसलो. हात स्टिअरिंगवर ठेवून वाट पाहिली. असा आवाज झाल्यावर कुणीतरी काहीतरी बोलतंच. तीस वर्षं ते मीच बोलत आलोय. काय बोलायचं असतं ते सगळं मला पाठ आहे.

मागे हूं नाही की चूं नाही. एक बाई आपली टोपी सरळ करत होती. कॉर्नेलियाबाईंनी पर्स उघडली, कागद सोडवून एक पेपरमिंट माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाल्या, 'चल रे, पहिलं गीत चुकेल.'

चर्चपर्यंत कुणी त्या पेटीचं नाव काढलं नाही. पेपरमिंट तोंडात विरघळत होतं आणि मला रस्ता नीट दिसेना. काचेवर धुकं असेल म्हणून वायपर लावले.

काच कोरडीच होती.