आईचा कोणता डोळा बारीक होता

बाबा, तुमच्या धाकटीचा वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, खोकलाही गेला. तुमचा गुडघा कसा आहे? बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका.

दवाखान्यातली ड्युटी संपली की मी चित्रकलेच्या वर्गाला जाते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आई गेली तेव्हा मला येता आलं नाही. निदान तिचा चेहरा आपल्या हाताने काढावा, असं मनात होतं. दोन महिने बाई नुसत्या सरळ रेघा, गोल आणि ठोकळे काढून घेत होत्या. पहिल्या दिवशी माझा गोल बघून म्हणाल्या, "बटाटा छान जमलाय." आता गोल गोलच येतो.

काल त्यांनी आठवणीतून चेहरा काढायला सांगितला. मी आई काढली. बाईंनी पेन्सिल धरून मापं ताडून पाहिली आणि म्हणाल्या, "हात सुधारलाय. पण दोन्ही डोळे अगदी सारखे काढलेत. तसे कुणाचेच नसतात. तुमच्या आईचा कोणता डोळा बारीक होता?"

मी कागद गुंडाळून घरी आले.

माझ्याकडच्या फोटोत ती हसतेय, त्यात डोळे मिटलेले आहेत. तुम्ही तिच्यासोबत चाळीस वर्षं काढलीत. आठवत असेल तर लिहा. आठवत नसेल तर तेही लिहा, म्हणजे विसरलेली मी एकटीच नाही, एवढं तरी कळेल.

जिवाला जपा.

तुमची,
धाकटी