सतरंजीला शिवलेली गोधडी

सूनबाई,

ऑफिसातून आलीस की हॉलमधली गोधडी उचलायला जाऊ नकोस, ती सतरंजीसकट वर येईल. तुकडे कापून, इस्त्री करून तू ठेवलेच होतेस. कच्चे टाके घालायचं कंटाळवाणं काम तेवढं तुझ्या नकळत उरकायला गेले आणि चारी बाजूंनी सतरंजीलाच शिवून बसले. असले गुडघे घेऊन खाली बसलेच कशाला, ते विचारू नकोस. तुझी बोलणी चुकवायला शेजारी जातेय. चहा थर्मासमध्ये आहे.

टाक्यांना हात लावू नकोस. उसवण्यासारखं वैतागाचं काम दुसरं नाही, पण ते मीच करणार, अगदी सावकाश. गोधडी घेतल्याशिवाय बदलीच्या गावी जाणार नाही, असं तूच कबूल केलंयस.

तुझी सासू