उभे शब्द तुझे

सीबीडी बेलापूर,
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय नंदू,

तू भरून पाठवलेलं तिसरं शब्दकोडंही पोचलं. आज रविवार. पूजा आटोपल्यापासून तिन्ही समोर मांडून बसलो आहे. गोजराने दोनदा विचारलं, सुटलेल्या कोड्यात एवढं काय बघता? बायकोला काय सांगणार! कोडं सुटलंय, पण ते सोडवलं कोणी, हे मला सुटत नाही.

न्हावा शेव्याच्या आपल्या ऑफिसात मी नवा आलो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत आपलं पहिलं भांडण पेपरवरूनच झालं होतं. कोडं मलाही हवं होतं आणि तुलाही. मग तूच वाटणी केलीस. आडवे शब्द माझे, उभे तुझे. 'घाटावरची माणसं जेवली की आडवी होतात, तेव्हा हौश्याला आडवेच बरे,' असं सगळ्यांदेखत म्हणालास. नियमही तुझाच. दुसऱ्याच्या वाटणीचा शब्द येत असला तरी तोंड उघडायचं नाही. आपला शब्द भरावा, त्यातून त्याला एखादं अक्षर मिळेल, तेवढीच मदत. सात वर्षं आपण तो नियम पाळला. उभ्यात शेतीचा शब्द आला की तू अडायचास. मला उत्तर ठाऊक आहे हे माझ्या तोंडावर दिसायचं आणि तू चिडायचास, 'तुझ्या विहिरीत उडी टाकीन, पण विचारणार नाही!' मासळी, होडी, भरती-ओहोटी यातलं काही आलं, तर मात्र पुरतं वाचायचाही नाहीस, लिहून मोकळा. तेही पेनाने. पेन्सिल तुला कमीपणाची वाटायची. चुकलास की अक्षरावर अक्षर गिरवायचास. कितीदा कागद फाटला आहे.

मार्चमध्ये तुझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तुझा सुधीर तुला नाशिकला घेऊन गेला. त्यानंतर टपालाने कोडी पाठवायची कल्पना माझी. मी रविवारचे आडवे शब्द भरतो, कात्रण पाठवतो, तू उभे भरून परत करतोस. सोबत दोन ओळी असतात, 'मी बरा आहे. कोडी पाठवत जा.' पहिलं परत आलं, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. अक्षर थोडं वाकडं होतं, पण म्हटलं, हात वळायला लागला.

दुसऱ्या कोड्यात एकही खाडाखोड नव्हती. आजारपणाने माणूस सुधारला, असं म्हणून मी ऑफिसात हसलोसुद्धा. आणि आता हे तिसरं. 'मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट', दोन अक्षरं. तू बरोबर 'धाव' लिहिलं आहेस. नंदू, दिवाळे गावच्या कोळ्याला धाव कुठली ठाऊक? त्याच्याच खाली, 'खाडीत खुंटांना बांधून लावायचं पिशवीसारखं जाळं'. यातला 'ल' माझ्या आडव्या शब्दातून तुला आयता मिळाला होता. उरलं होतं एकच घर. ते रिकामं आहे. तुझ्या बापाने ज्या जाळ्यावर चार पोरं वाढवली, त्याचं नाव तुला आठवलं नाही?

काल दुर्गाबाई बाजारात भेटली. टोपली बाजूला सारून म्हणाली, 'भाऊ, नंदूचा आवाज तुमी तरी आयकला काय? मी फोन करतं तं सुधीर म्हनतो, बाबा झोपलाय. दुपारी झोपलाय, सांजंला झोपलाय. माजा भाऊस जल्मात येवडा झोपला नाय!' मी तिला तुझी कोडी येतात म्हणून सांगितलं. ती म्हणाली, 'कागूद काय, कोनी पन लिवेल.' बहिणीला जे एका वाक्यात कळलं, त्याला मला तीन कोडी लागली.

मग मी आपल्या पद्धतीने एकेक घर भरत गेलो. ज्याला धाव माहीत आहे आणि खाडीचं जाळं माहीत नाही, असं तुझ्या घरात एकच माणूस. तुझी सून प्राची, निफाडच्या शेतकऱ्याची लेक. तुझा नुसता हात अडला असता, तर तू सांगितलं असतंस आणि तिने लिहिलं असतं. त्या जाळ्याचं नाव तर तू ओरडून सांगितलं असतंस. म्हणजे तू सांगत नाहीस. म्हणजे, नंदू, तुझी वाचा गेली आहे. हे उत्तर चुकलेलं असावं म्हणून मी सकाळपासून ताडून बघतो आहे. ते सगळीकडून जुळतंय.

हे पत्र तुला प्राचीच वाचून दाखवत असणार. म्हणून आता थोडं तिच्याशी बोलतो. पोरी, मी रागावलेलो नाही. सासऱ्याचा मित्र तुटू नये म्हणून तू शब्द शोधत बसलीस, एवढी माया मी फार थोड्या घरांत पाहिली. पण आमचे गावचे गुरुजी पाटीवर गाळलेल्या जागा घालायचे आणि म्हणायचे, येत नसेल तर रिकामी सोडा, मी बघून घेईन. तसंच कर. कागद त्याच्या पुढ्यात ठेव, वाच आणि थांब. त्याने डाव्या हाताने नुसती रेघ ओढली तरी तीच पाठव. काहीच झालं नाही, तर कोरं पाठव. ते त्याचं असेल. मला तेवढं पुरे आहे. येत्या शनिवारी दुर्गाबाईला घेऊन सकाळच्या एसटीने येतो आहे. या वेळी 'बाबा झोपलेत' चालणार नाही, असा तिचा निरोप आहे.

नंदू, ते तिसरं कोडं या पाकिटात परत पाठवतो आहे. त्यात अजून ते एक घर रिकामं आहे. मला उत्तर येतं, पण मी भरलेलं नाही, आणि शनिवारी तुझ्याशेजारी बसलो तरी भरणार नाही. उभे शब्द माझे नाहीत.

तुझाच,
आडवा हौसेराव